सोवळ्यातली समीक्षा आणि गुहेतली पोरे

'साहित्य' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत: एक वाङ्मय, दुसरा सामग्री. आमच्या समीक्षाव्यवहाराने या दोन अर्थांमध्ये एक भिंत बांधून ठेवली आहे आणि भिंतीपलीकडचे काही वाचायचे नाही, असा दंडकच घालून घेतला आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा असंख्य वाचकांनी वाचल्या. समीक्षेने मात्र त्यांना ओसरीच्या आत फारसे येऊ दिले नाही. आज आम्ही जिच्याविषयी लिहीत आहोत ती पुस्तिका तर ओसरीच्याही बाहेरची. ती वाङ्मय नाही, 'खेळाचे साहित्य' आहे, असे म्हणून आमचे प्राध्यापक मोकळे होतील. गंमत अशी, की या खेळाचे भोक्तेही नेमके हेच म्हणतात: हा नुसता खेळ आहे, त्यात अर्थ कसले शोधता? तुच्छता आणि प्रेम, दोघांचा निष्कर्ष एकच: वाचू नका. आमचा विरोध या दोघांनाही आहे.

पुस्तिकेचे नाव 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स'. लेखक गॅरी गायगॅक्स, प्रकाशन १९७९. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ जन्मला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र होऊन बोलतो. एक जण सूत्रधार होऊन उरलेले सारे जग सांभाळतो. जिथे निकाल अनिश्चित तिथे फासे पडतात. ही पुस्तिका नवशिक्यांसाठी, पहिल्या ते तिसऱ्या पातळीच्या पात्रांसाठी रचलेली. खेळाच्या प्राथमिक संचातच ती घातली जात असल्याने असंख्य मुलांना हा खेळ तिनेच शिकवला.

आशय थोडक्यात असा. माणसांचे राज्य आक्रसलेले, सभोवती अनागोंदीच्या शक्ती टपलेल्या. त्या सीमेवर एक गड. गडापासून काही अंतरावर एक दरी आणि तिच्या कड्यांत गुहा. एकेका गुहेत एकेक टोळी: कोबोल्ड, गॉब्लिन, ऑर्क, नोल. पात्रांनी गडावरून निघावे, गुहांत शिरावे, धन घेऊन परतावे. एवढेच. कथानक नाही, नायक नाही, शेवट नाही.

मग वाचण्यासारखे आहे काय? आम्ही म्हणतो, जे लिहिलेले नाही ते. गडावरच्या एकाही माणसाला विशेषनाम दिलेले नाही; गडकरी, सराफ, पुरोहित, सारे हुद्द्यानेच ओळखले जातात. नावे सूत्रधाराने ठेवावीत. एक गुहा तर केवळ नकाशावर दाखवली आहे. आत काय आहे ते ज्याचे त्याने रचावे. संहितेतल्या रिक्त जागा वाचक भरतो, हे वोल्फगांग इझरने १९७६ साली जर्मनमध्ये मांडले आणि आम्ही ते वर्गावर्गांतून शिकवतो. त्यानंतर तीनच वर्षांनी निघालेली ही पुस्तिका म्हणजे त्या सिद्धान्ताची चालती प्रयोगशाळा. ती उघडून पाहण्याची तसदी आमच्यापैकी किती जणांनी घेतली?

ही पुस्तिका वाचकाला संशयही शिकवते. गडावर पात्रांच्या कानी अफवा येतात. काही खऱ्या, काही खोट्या. गॉब्लिनांचा 'ब्री-यार्क' हा शब्द म्हणजे शरणागती, अशी त्यांतली एक. प्रत्यक्षात ती स्वकीयांना गोळा करणारी हाक असते. परक्या भाषेचा अर्थ ऐकीव माहितीवर लावणाऱ्याचा इथे जीव जातो. भाषांतराच्या राजकारणावर परिसंवाद भरवणाऱ्यांना याहून नेमका दृष्टान्त सापडेल, असे आम्हांला वाटत नाही. गडावरचा हसतमुख पुरोहितही खरा कोणाचा, हे विश्वास टाकल्यावरच कळते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. गुहांतल्या टोळ्यांची शिरगणती करताना लेखक केवळ लढवय्यांची संख्या देऊन थांबत नाही. तो बायांची संख्या देतो, पोरांची देतो. पोरे लढत नाहीत, असेही अनेक ठिकाणी नमूद करतो. आणि मग गप्प बसतो. दार फोडून आत शिरलेल्या साहसवीरांनी या पोरांचे काय करावे, याविषयी अवाक्षर नाही. नियमही हत्येची सक्ती करीत नाहीत. त्या काळच्या नियमांत सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे एक अनुभवगुण मिळे. जीव घेऊन मिळणारे गुण त्यापुढे किरकोळ. टोळ्यांत आपापसांत वैरे आहेत, गॉब्लिन ओगरला पैसे चारून मदतीला बोलावतात. म्हणजे बोलणी, लाच, फितुरी असे सारे मार्ग मोकळे. तेव्हा पोरे मारली गेली, तर ती खेळणाऱ्यांनी मारली. पुस्तिकेकडे बोट दाखवून हात झटकता येत नाहीत.

लेखकाचे स्वतःचे उत्तर मात्र उपलब्ध आहे, आणि ते भीषण आहे. शरण आलेल्या शत्रूंविषयी, त्यांच्या पोराबाळांविषयी २००५ साली वाचकांशी प्रश्नोत्तरे चालू असताना गायगॅक्स यांनी कर्नल चिव्हिंग्टनच्या नावावर असलेल्या एका उक्तीचा अनुकूल उल्लेख केला. लिखांच्याच पुढे उवा होतात, हा तिचा भावार्थ. नोव्हेंबर १८६४ मध्ये कोलोरॅडोतल्या सँड क्रीक येथे शायान आणि अरापाहो लोकांची जी कत्तल झाली, तिचा हा सेनापती. मारल्या गेलेल्यांत बायामुलेच अधिक होती. म्हणजे ही 'सीमा' हवेतली नव्हे. तिच्या मातीला अमेरिकेच्या पश्चिमेचा वास आहे. 'नुसता खेळ' म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

तर मग ही पुस्तिका टाकून द्यायची काय? किंवा पुढच्या आवृत्त्यांतून पोरांच्या नोंदी गाळून गुहा निर्वेध करायच्या? असे सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण पोरे गाळली की प्रश्नही गळतो, आणि निर्धास्तपणे मारता येईल असा शत्रू तेवढा उरतो. लेखकाचे उत्तर हे संहितेचे उत्तर नव्हे. संहिता गप्प आहे, आणि त्या गप्पपणातच वाचकाची कसोटी आहे. जन्मावरूनच गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींचे जगणे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त वाचलेला वाचक या गुहेच्या दारात उभा राहिला, तर त्याला 'टोळी' या शब्दापाशीच अडखळायला हवे. तो अडखळला नाही, तर दोष पुस्तिकेचा मानायचा, की त्याला वाचायला शिकवणाऱ्या आमचा?

या पुस्तिकेचे आयुष्य अजून सरलेले नाही. १९९९ साली तिचा उत्तरभाग आला. २०२५ साली नव्या प्राथमिक संचाने तिच्याच सीमेवर नवी मुले नेऊन उभी केली. ती मुले फासे टाकतील, दार फोडतील, आणि आत पोरे असली तर क्षणभर थांबतील किंवा थांबणार नाहीत. त्या क्षणी घडते ते वाचनच असते, आणि त्याचा परिणाम भोगणारे कोणी तरी समोर असते. आम्ही वर्गात शिकवतो त्या किती कादंबऱ्यांविषयी असे म्हणता येईल? समीक्षेने सोवळे सोडून त्या टेबलापाशी जाऊन बसावे. पोरे मोजून झालेली आहेत. त्यांचे काय करायचे, हे ठरायचे आहे.