विश्लेषण : अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला तुरुंगवास, पण मुलांनी गाडी शिकायची कुठे?

दहावीचा निकाल लागतो, अकरावीचे प्रवेश सुरू होतात आणि क्लासबाहेर स्कूटरच्या रांगा लागतात. त्या चालवणाऱ्यांपैकी अनेकांचे वय १६ किंवा १७. अधूनमधून वाहतूक पोलिसांची मोहीम निघते, पालकांना बोलावून दंड केला जातो आणि काही दिवसांनी रांग पुन्हा तशीच दिसते. कायदा सौम्य आहे म्हणून हे होते, असे म्हणायला जागा नाही. २०१९च्या दुरुस्तीने शिक्षा कितीतरी कडक केली. मुलांनी गाडी शिकायची कशी, हा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

पालकांवर कोणती कारवाई होते?

मोटार वाहन कायद्यातील कलम १९९अ हे १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. १८ वर्षांखालील मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. गाडी पालकांच्या संमतीनेच नेली होती, असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकांनाच सिद्ध करावे लागते.

विम्याचा भाग अनेक घरांत माहीतच नसतो. विनापरवाना चालकाकडून अपघात झाला तर जखमीला भरपाई दिल्यावर विमा कंपनी ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करू शकते. अशी रक्कम लाखांत जाते.

१६व्या वर्षी परवाना मिळतो ना?

मिळतो, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीसाठी. ही तरतूद लूनाच्या जमान्यातली आहे. आज ५० सीसीची नवी पेट्रोल दुचाकी शोरूममध्ये शोधून सापडत नाही. घरोघरी असलेल्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. म्हणजे १६व्या वर्षी परवाना काढता येतो, पण त्यावर चालवायला गाडी नाही.

दुसऱ्या टोकाला २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किमीपेक्षा कमी वेगाच्या इलेक्ट्रिक स्कूटर आहेत. त्यांना परवानाही लागत नाही आणि नोंदणीही नाही. त्यामुळे आठवीतला मुलगाही ती घेऊन मुख्य रस्त्यावर येतो. सिग्नलला उजवीकडे वळताना कुठे थांबायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

पुण्यातील अपघातानंतर काय झाले?

१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे १७ वर्षांच्या मुलाच्या आलिशान मोटारीने दिलेल्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेली ३०० शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली. पुढे वडिलांना अटक झाली, रक्ताच्या नमुन्यांचे प्रकरण बाहेर आले. महिनोन्‌महिने चर्चा झाली ती शिक्षेची, आणि त्या प्रकरणात ती व्हायलाच हवी होती. मात्र रोज क्लासला स्कूटरने जाणाऱ्या मुलांचा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात ९ हजार ५२८ जण १८ वर्षांखालील होते. हे सगळे चालक नव्हते. पादचारी आणि मागे बसलेली मुलेही त्यात येतात. पण एकूण मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते, हे त्याच अहवालात आहे.

१८ पूर्ण झाल्यावर तरी नीट शिकवले जाते का?

शिकाऊ परवान्याची परीक्षा आता घरबसल्या, आधारच्या आधारे देता येते. ६० टक्के उत्तरे बरोबर आली की परवाना हातात. त्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. खासगी वाहनासाठी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये जाण्याची सक्ती नाही. गेले तर नियमानुसार किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष १० तास गाडी चालवणे अपेक्षित आहे.

दुचाकीच्या चाचणीत बहुतेक ठिकाणी ‘८’चा आकडा काढायला लावतात. त्यातून तोल कळतो, तोही चालण्याच्या वेगाला. रस्त्यावर गरज पडते ती वेगळ्याच गोष्टीची. ताशी ४० किमी वेगाने जाणारी स्कूटर सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. समोर कुत्रा आला आणि ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तर तेवढे अंतर ब्रेक लागण्याआधीच संपते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. नववीच्या विज्ञानात ही समीकरणे असतात, पण मोकळ्या मैदानात स्कूटरवर बसवून ती कोणी दाखवत नाही. अचानक थांबण्याची चाचणी न देताच बहुतेकांना परवाना मिळतो.

म्हणजे प्रशिक्षणाचे तास वाढवले की प्रश्न सुटेल?

इथे उत्तर अनपेक्षित आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील डीकॅल्ब काउंटीत १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुमारे १६ हजार शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला. एका गटाला सविस्तर प्रशिक्षण, दुसऱ्याला किमान, तिसऱ्याला शाळेकडून काहीच नाही. सविस्तर प्रशिक्षण घेतलेल्यांच्या अपघातांत टिकाऊ घट दिसली नाही. पुढे २००१ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यातही शालेय प्रशिक्षणाने अपघात कमी होतात, याचा पुरावा मिळाला नाही. उलट प्रमाणपत्रामुळे मुले लवकर परवाना काढतात आणि लवकर रस्त्यावर येतात, ही अडचण समोर आली. नॉर्वेत घसरणाऱ्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केल्यावर तरुण मुलांचे अशा रस्त्यांवरील अपघात वाढले. हाताला कौशल्य आले तसा आत्मविश्वास वाढला, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मग फरक कशाने पडला?

दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे जाणत्या माणसाच्या सोबतीने केलेला भरपूर सराव. स्वीडनने १९९३ मध्ये सरावाचे वय साडेसतरावरून १६ केले, परवान्याचे १८ तसेच ठेवले. लवकर सुरुवात करणाऱ्यांचा सराव सरासरी ५० तासांच्या आतून १२०च्या आसपास गेला आणि परवान्यानंतरचे त्यांचे अपघात लक्षणीय कमी झाले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २१ वर्षांखालील शिकाऊ चालकाला मोटारीच्या परवान्यासाठी १२० तासांची नोंदवही भरावी लागते, त्यात रात्रीचे २० तास.

दुसरी गोष्ट म्हणजे टप्प्याटप्प्याने मिळणारा परवाना. न्यूझीलंडने १९८७ मध्ये तो सुरू केला. शिकाऊ आणि पक्का यांच्यामध्ये एक मर्यादित टप्पा असतो. त्या काळात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही, मित्रांना बसवायचे नाही. समवयस्क सोबत असले की किशोर चालकाचा धोका वाढतो, हे अनेक देशांत दिसले आहे. एका स्कूटरवर तिघे पाहिलेल्या कोणालाही हे नव्याने सांगायला नको.

महाराष्ट्रात हे होऊ शकते का?

परवान्याचे वय आणि टप्पे केंद्रीय कायद्यात आहेत, त्यामुळे राज्याच्या हातात मर्यादित गोष्टी आहेत. केंद्राने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली. तिथे हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम, त्यातले २१ तास प्रात्यक्षिक. उत्तीर्ण झाल्यास आरटीओची चाचणी माफ. पण दुचाकी व हलक्या वाहनांच्या केंद्रासाठीही किमान एक एकर जागा, सिम्युलेटर आणि ट्रॅक लागतो. तालुक्याच्या गावातल्या एका गाडीवर चालणाऱ्या ट्रेनिंग स्कूलला ते झेपणारे नाही. शिवाय इथेही भर अभ्यासक्रमावर आणि प्रमाणपत्रावर आहे, परवान्यानंतरच्या पहिल्या वर्षावर नाही.

पालकांच्या हातात मात्र आजच्या कायद्यातही एक गोष्ट आहे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तिसाव्या दिवशीच पक्क्या परवान्याची तारीख घेण्याचे बंधन नाही. सहा महिने रोज ४० मिनिटे सराव केला तर बरोबर १२० तास होतात. सुरुवातीला सोसायटीतला रस्ता, मग गर्दीची वेळ, पाऊस, रात्र आणि शेवटी घाट. अट एवढीच की हे १८ पूर्ण झाल्यावर सुरू करावे लागते. तोपर्यंत क्लासला जायचे कसे, याचे उत्तर सध्या सायकल, पीएमपी किंवा एसटीच्या पासमध्ये आहे. ज्या उपनगरात बस तासाला एक येते, तिथे तेही नाही.