गाडी शिकायची आहे? मग आधी लहान गाडी घ्या

दर महिन्याला दोन-चार जण माझ्याकडे फॉर्म १-अ घेऊन येतात. वय चाळिशीच्या पुढे असेल तर शिकाऊ परवान्यासाठी हा फॉर्म डॉक्टरकडून भरून घ्यावा लागतो. चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, ऐकू येतं का, हातपाय धड आहेत का, फेफरं येतं का, एवढं बघून सही करायची. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. पण गेल्या वर्षी एका अंगणवाडी सेविकाबाईंनी सही झाल्यावर जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला. बाहेर पेशंट ताटकळले होते, त्यांची आजही माफी मागतो.

बाईंचं वय ४६. अंगणवाडी वस्तीवर, घर गावात, मधला रस्ता मुरमाचा. रोज चालत जायच्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, सही तर केली, पण शिकू कशावर ते बी सांगा. पोरगा म्हणतो स्कूटी घे, मालक म्हणतात घरची जुनी गाडी हाय की, आन् भाऊ म्हणतो घ्यायची तर बुलेटच घे!"

भावाची चेष्टा सोडून द्या. पण शिकायचं कोणत्या गाडीवर हा प्रश्न वैद्यकीयसुद्धा आहे, आणि आपल्याकडे तो कुणी डॉक्टरला विचारत नाही. गाडी घ्यायची ठरली की पोरगं आधी शोरूममध्ये जातं, मग रस्त्यावर आणि मग आमच्याकडे. बीड जिल्ह्यात एसटी दिवसातून दोनदा येणारी गावं पुष्कळ आहेत, आणि न येणारीही आहेत. मोटारसायकल इथे चैन नाही. दवाखाना, शाळा, बाजार, कारखाना, सगळं तिच्यावरच चालतं. म्हणून "गाडी शिकूच नका" असा शहाजोग सल्ला मी देणार नाही.

माझं मत सरळ आहे. शिकायला १०० सीसीच्या आसपासची, हलकी, कमी उंचीची, शक्यतो जुनी गाडी घ्यावी. मोठी गाडी घेण्याची ऐपत असली तरी पहिले दोन-तीन महिने लहानच.

कारण सांगतो. नवशिक्याच्या मेंदूला एकाच वेळी पाच-सहा कामं करायची असतात. डावा हात क्लचवर, उजवा हात ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकवर, डावा पाय गिअरवर, उजवा मागच्या ब्रेकवर, डोळे रस्त्यावर, आणि वरून तोल. यातलं प्रत्येक काम सुरुवातीला विचार करून करावं लागतं. सराव झाला की हीच कामं लहान मेंदू आणि मेंदूच्या आतले काही भाग परस्पर सांभाळतात, आणि विचार करणारा मेंदू समोरच्या म्हशीकडे लक्ष द्यायला मोकळा होतो. ती वेळ येईपर्यंत चुका होणारच. क्लच झटकन सुटणार, घाबरून ॲक्सिलरेटर उलट जास्त पिळला जाणार. आठ हॉर्सपॉवरची गाडी अशा वेळी एक उडी मारते आणि बंद पडते. दुप्पट ताकदीची गाडी बंद पडत नाही, ती तुम्हाला घेऊन जाते.

दुसरं कारण वजनाचं. शाइन १०० चं वजन ९९ किलो आहे, स्प्लेंडरचं ११२ च्या आसपास, प्लॅटिना १०० चं ११७. १५०-१६० सीसीच्या गाड्या १४० ते १५० किलोच्या घरात जातात. चालू गाडीत हा फरक फारसा कळत नाही. गाडी उभी असताना एका बाजूला कलली की कळतो. माणूस सहजप्रवृत्तीने पाय टेकून ती अडवायला जातो, आणि गुडघा पिळवटतो किंवा घोटा गाडीखाली येतो. शिकताना झालेल्या दुखापतींमध्ये माझ्याकडे सर्वांत जास्त येतात त्या अशाच, शून्य वेगाच्या. लोक सांगतानाही लाजतात, "गाडी उभीच होती हो."

म्हणून गाडी निवडताना मायलेज विचारायच्या आधी तिच्यावर बसा. दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर नीट टेकले पाहिजेत, आणि गाडी किंचित कलती केल्यावर एक तळपाय पूर्ण टेकला पाहिजे. स्प्लेंडर आणि शाइन १०० ची सीट साधारण साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरवर आहे, प्लॅटिना आणि एचएफ डिलक्सची ऐंशीच्या थोडी वर. दोन सेंटिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण पाच फूट उंचीच्या बाईला तेवढ्यावरच धीर येतो किंवा सुटतो. सीटकव्हरवाल्याकडे नेऊन फोम थोडा तासून घेता येतो. त्यात कमीपणा काही नाही.

स्कूटर का नको, असं बाईंनी विचारलंच. डांबरी रस्ता असेल, गावातल्या गावात फिरायचं असेल तर स्कूटर उत्तम, गिअरची कटकट नाही. मात्र तिची चाकं लहान असतात. मुरमाच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात लहान चाक अडकतं, तर मोटारसायकलचं १८ इंची चाक त्यावरून निघून जातं. आणि मुख्य म्हणजे घरात जी गाडी आहे ती चालवता आली पाहिजे. रात्री दोनला सासऱ्यांच्या छातीत कळ आली तर १०८ ला फोन करायचाच, पण वस्तीपर्यंत रुग्णवाहिका चुकू नये म्हणून फाट्यावर जाऊन उभं राहायला घरची गाडी उपयोगी पडते. अशा वेळी ती फक्त मालकालाच येते, असं असू नये.

मग त्यांच्या घरच्या बारा वर्षांच्या स्प्लेंडरवर शिकायचं ठरलं. मी तीन गोष्टी करून घ्यायला सांगितल्या. एक, टायर आणि ब्रेक. जुनी म्हणजे गुळगुळीत टायरची नव्हे. दोन, सेल्फ स्टार्ट नीट चालला पाहिजे. किक उलटली तर नडगीवर असा फटका बसतो की माणूस आठवडाभर लंगडतो, आणि छेचाळिसाव्या वर्षीच्या गुडघ्यांना रोज पन्नास किका परवडत नाहीत. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पोरानं "गाडी भारी दिसावी" म्हणून साडी गार्ड काढून टाकला होता. तो परत बसवा म्हटलं. पदर किंवा ओढणी मागच्या चाकात गेली की गळ्याला फास बसतो, किंवा बाई मागच्या मागे डोक्यावर आपटते. मागच्या चाकाला हे संरक्षण असावं असा नियम आहे, तो उगाच केलेला नाही. शिकताना पदर खोचलेला, ओढणीला मागे गाठ मारलेली आणि पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत.

ब्रेकबद्दल एक गैरसमज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. "पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील." मलाही असंच शिकवलं होतं. नव्वदच्या दशकात अंबाजोगाईला मेडिकलला असताना मी आधी एका मित्राच्या लुनावर आणि नंतर दुसऱ्याच्या सीडी १०० वर शिकलो, आणि पुढच्या ब्रेकला वर्षभर हात लावला नाही. खरं असं आहे की पक्क्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. मुरमावर, वाळूवर किंवा वळणात तो एकदम आवळला तर चाक घसरतं, हेही तितकंच खरं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एबीएस नसेल तर जोडब्रेक सक्तीचा झाला. त्यात मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. जुन्या गाडीत तो नसेल, तर दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबायचा सराव मोकळ्या मैदानातच करून घ्यावा लागतो.

मैदान म्हणजे कोणतं? सुट्टीच्या दिवशी मोंढ्याचं आवार, नाहीतर परवानगी घेऊन शाळेचं पटांगण. शेतरस्ता किंवा कॅनॉलचा रस्ता मोकळा दिसतो म्हणून तिकडे जाऊ नका. आपल्याकडे बिनकठड्याच्या विहिरी रस्त्याला लागून असतात. रोज २०-२५ मिनिटं पुरेत. रविवारी सलग तीन तास शिकण्यापेक्षा हे चांगलं, कारण शरीराने शिकलेली गोष्ट मेंदूत झोपेत पक्की होते. शिवाय अर्ध्या तासानंतर क्लचचा हात भरून येतो आणि मग चुका वाढतात. पहिले दोन दिवस इंजिन बंद ठेवून गाडी नुसती ढकला, वळवा, स्टँडवर लावा. लोक हसतील, हसू द्या.

आता दुसऱ्या एका घराबद्दल लिहितो. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. कोणाला ओळख पटू नये म्हणून थोडा तपशील बदलला आहे.

मुलगा बारावी पास झालेला, नुकतीच अठरा पूर्ण. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. त्या वर्षीच्या उचलीतून वडिलांनी त्याला १६० सीसीची नवी गाडी घेऊन दिली. शिकाऊ परवाना होता. त्याआधी मित्राच्या गाडीवर चार-सहा वेळा बसला होता, तेवढाच सराव. नवव्या दिवशी संध्याकाळी हमरस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. हेल्मेट घरी खुंटीला. डोक्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला. आज तो आईला ओळखतो, हाताला धरून चालतो, पण शब्द सापडत नाहीत. त्याचे वडील मला विचारतात, "साहेब, गाडी मोठी घेतली हे चुकलं का?"

मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. ट्रॉलीला दिवा नव्हता, हा दोष तुमचा नाही आणि पोराचाही नाही. गळीत हंगामात अंधारात अशा ट्रॉल्या चालतात आणि हे सगळ्यांना माहीत आहे. अनुभवी माणूसही त्यांना धडकतो. गाडी लहान असती तर अपघात टळलाच असता, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. १०० सीसीची गाडीही ऐंशीनं पळते, आणि मी बघितलेल्या डोक्याच्या मारांपैकी बरेच लहान गाड्यांवरचेच आहेत, कारण रस्त्यावर त्याच जास्त आहेत. पण वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. नवशिक्या हातात सहज साठ-सत्तर गाठणारी गाडी देणं आणि नवव्या दिवशी, दिवस मावळल्यावर, हंगामात हमरस्त्यावर जाणं, यातल्या दोन गोष्टी तरी आपल्या हातात होत्या. ते गप्प बसले. मलाही पुढे काही सुचलं नाही.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात दुचाकीवरची जवळपास ४५ टक्के. हेल्मेट नसलेले मृत पन्नास हजारांवर. नीट पट्टा लावलेल्या हेल्मेटमुळे अपघातात मरण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेची सुमारे ७० टक्क्यांनी कमी होते, हे अनेक अभ्यास एकत्र करून निघालेलं आहे. गाडी जुनी चालेल, हेल्मेट मात्र नवं, आयएसआयचं आणि तुमच्या मापाचं हवं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बाद समजा.

सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या आई-बापांना एक सांगायचं आहे. गिअरच्या मोटारसायकलला अठरा पूर्ण लागतात. १६ व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. "शेतातच तर चालवतो" हे मी फार ऐकलं आहे.

शिकायच्या आधी माझ्याशी किंवा तुमच्या डॉक्टरांशी कोणी बोलावं? फेफरं येणाऱ्यांनी, भले गोळ्यांनी वर्षभर आलं नसेल तरी. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, कारण साखर उतरली की हातपाय आधी थरथरतात आणि मग भान सुटतं. नवी बीपीची गोळी सुरू झालेल्यांनी. मोतीबिंदूवाल्यांनी. आणि सर्दीची गोळी घेऊन "थोडी झोप येते एवढंच" म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी गाडीला हात लावू नये.

पडलात तर काय, तेही लिहून ठेवतो. तळहातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खोलगट जागी दाबून दुखत असेल, तर पहिला एक्स-रे साफ आला म्हणून निर्धास्त राहू नका. तिथल्या हाडाची चीर कधी कधी दहा-बारा दिवसांनंतरच दिसते, आणि उपचार राहून गेले तर मनगट कायमचं अधू होतं. डोक्याला मार लागला आणि माणूस उठून बोलला, चहा प्याला, तरी २४ तास त्याला एकटं सोडू नका. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, गुंगी आली, बोलणं अडखळलं, कानातून-नाकातून पाण्यासारखं काही आलं, तर रात्र असो की पहाट, सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी न्या. कवटीच्या आत रक्तस्राव होताना मधले काही तास माणूस अगदी ठणठणीत दिसू शकतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर लक्षणांची वाटच बघू नका.

त्या सेविकाबाई तीन आठवड्यांनी आल्या. उजव्या पोटरीवर सायलेन्सरचा चटका, त्यावर पांढरीशुभ्र टूथपेस्ट थापलेली. ती काढायलाच दहा मिनिटं गेली. चटका बसल्या बसल्या २० मिनिटं नळाचं साधं पाणी सोडायचं, टूथपेस्ट नाही, शाई नाही, बर्फही नाही, आणि गाडीवरून कायम डाव्या बाजूनं उतरायचं, असं सांगितलं. "ते आता कळलंच की," म्हणाल्या. टेस्टची तारीख पुढच्या बुधवारची होती. दवाखान्याच्या पायरीवरून मी बघितलं. मागे मालक बसलेले, पुढे बाई, डोक्यावर हेल्मेट, गाडीला पुढे-मागे लाल 'एल' आणि नवाकोरा साडी गार्ड. फाटकापाशी गाडी एकदा बंद पडली. मालक काही बोलायच्या आत त्यांनीच सेल्फ मारला.