क्रूझवरचा पेग महाग की लहान? दराआधी माप विचारा

फुलसावंगी (ता. महागाव, जि. यवतमाळ) : इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी मुंबई-गोवा क्रूझचे रील फुलसावंगीच्या चौकातही पाहिले जातात. लग्नानंतर फिरायला जाणारी जोडपी आता महाबळेश्वरसोबत क्रूझच्या पॅकेजचीही चौकशी करतात. रीलमध्ये बारचे मेन्यूकार्ड दिसले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘बापरे, एका पेगला एवढे पैसे?’

प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. एवढे पैसे नेमक्या किती मिलीचे, हे कोणी विचारत नाही. कापसाच्या काट्यावर एक किलोचा कडता लागला तरी आपण हुज्जत घालतो. ग्लासात काय आणि किती आले, हे मात्र न बघता बिल भरतो.

जहाजावर दर चढा का असतो?

कॉर्डेलिया क्रूझेसची मुंबईहून प्रवासी सेवा सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. त्याआधी २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर धावू लागली होती. क्रूझच्या भाड्यात साधारणपणे खोली, जेवण आणि करमणूक येते. मद्याचे पैसे बहुधा वेगळे लागतात. जहाज एकदा बंदरातून सुटले की समोर दुसरे दुकान नसते. बाहेरची दारू सोबत नेण्यावर बहुतेक कंपन्यांची बंदी किंवा कडक मर्यादा असते. गिऱ्हाईक जाणार कुठे?

मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नचा हिशेबही हाच आहे. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू न देण्याचा चित्रपटगृहांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला. पिण्याचे स्वच्छ पाणी मात्र मोफत द्यावे लागेल, असेही बजावले.

एमआरपी का चालत नाही?

दुकानात सीलबंद बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकणे गुन्हा आहे. हॉटेलचे तसे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल-रेस्टॉरंटना बाटलीबंद पाणीही एमआरपीपेक्षा जास्त दराने देण्याची मुभा दिली. तिथे ग्राहक नुसती बाटली विकत घेत नाही, तर बसण्याची जागा आणि सेवाही घेतो, असा त्यामागचा तर्क. जहाजावरचे दरही याच तर्कावर उभे आहेत.

म्हणजे दर जास्त आहे म्हणून तक्रार टिकणे कठीण. माप कमी आहे, ही तक्रार मात्र टिकू शकते.

पेग म्हणजे नेमका किती?

आपल्याकडे लहान पेग ३० मिलीचा आणि मोठा ६० मिलीचा. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सहा लहान पेग बसतात, ७५० मिलीच्या बाटलीत २५.

परदेशात हे माप बदलते. ब्रिटनमध्ये जिन, रम, व्हिस्की आणि व्होडका २५ किंवा ३५ मिलीच्या मापात किंवा त्याच्या पटीत द्यावी लागते. बार यांपैकी कोणते माप वापरतो, हे ग्राहकाला दिसेल असे लिहावे लागते. अमेरिकेत दीड औंस, म्हणजे सुमारे ४४ मिली, हे प्रचलित माप आहे. त्यामुळे दोन जहाजांचे नुसते दर शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

समजा, एका बारमध्ये पेग ४०० रुपयांना आहे आणि दुसऱ्यात ५०० रुपयांना. पहिला स्वस्त वाटतो. पण पहिला ३० मिलीचा असेल तर दर मिलीला १३ रुपये ३३ पैसे पडले. दुसरा ४४ मिलीचा असेल तर ११ रुपये ३६ पैसे. ‘स्वस्त’ पेगच महाग निघाला.

बिलात आणखी काय चढते?

रॉयल कॅरिबियनसारख्या परदेशी कंपन्या बारच्या बिलावर १८ टक्के टीप आपोआप लावतात. मेन्यूवरचे ४०० रुपये बिलात ४७२ होतात. ‘अमर्याद’ पॅकेजलाही मर्यादा असतातच. कार्निव्हल कंपनीच्या पेय-पॅकेजमध्ये २४ तासांत मद्याची १५ पेयेच मिळतात.

भारतातील हॉटेलांत सेवा शुल्क सक्तीने घेता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. पिण्याची दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्रात परमिट रूममधील मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये राज्याने उत्पादन शुल्कही वाढवले. त्याविरोधात त्याच वर्षी १४ जुलैला बारमालकांनी बंद पाळला.

पाच मिलीने काय फरक पडतो?

कर वाढला की मालकापुढे दोन वाटा असतात. दर वाढवायचा किंवा माप घटवायचे. वाढलेला दर मेन्यूकार्डवर दिसतो आणि गिऱ्हाईक कुरकुरते. घटलेले माप बर्फात, सोड्यात आणि जाड बुडाच्या ग्लासात दडून जाते.

हिशेब करून पाहा. ७५० मिलीच्या बाटलीतून ६० मिलीचे साडेबारा पेग निघतात. प्रत्येक पेग ५५ मिलीचा भरला, तर साडेतेराहून जास्त. म्हणजे प्रत्येक बाटलीमागे एका पेगचे पैसे फुकटात मिळाले. ‘मापात पाप’ म्हणतात ते हेच. सगळे बार असे करतात, असे म्हणायचे नाही. पण कोण करतो आणि कोण करत नाही, हे ओळखण्याची सोय गिऱ्हाइकाकडे असायला हवी.

पिणाऱ्याच्या जिवाचाही प्रश्न

माप न कळण्याचा धोका खिशापुरता नाही. आपल्याकडच्या व्हिस्कीवर अल्कोहोलचे प्रमाण साधारण ४२.८ टक्के लिहिलेले असते. त्या हिशेबाने ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ६५० मिलीच्या ५ टक्के बिअरमध्ये ते सुमारे २६ ग्रॅम भरते आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे ४१ ग्रॅम. म्हणजे ‘बिअरच तर घेतली’ म्हणणाऱ्याने चार लहान पेग घेतलेले असतात. त्यानंतर तो दुचाकीला किक मारतो. गोड कॉकटेलमध्ये दारू किती आहे, हे तर चवीवरूनही कळत नाही.

मग व्हायला काय हवे?

वैधमापन कायदा २००९ चा आहे. व्यवहारात वापरायचे माप तपासलेले आणि शिक्का मारलेले असले पाहिजे, हे त्याचे मूळ सूत्र आहे. पेट्रोलपंपावर शंका आली तर पाच लिटरच्या मापाने तपासणी मागता येते. तोच हक्क बारच्या टेबलावरही ठळक दिसला पाहिजे. मेन्यूकार्डवर प्रत्येक दरापुढे मिली छापा, कॉकटेलमध्ये मद्य किती ते लिहा, पेग शिक्क्याच्या मापाने गिऱ्हाइकासमोर भरा आणि सर्व कर धरून अंतिम रक्कम आधीच सांगा. यासाठी मालकाला फारसा खर्च नाही. इमानदारीने धंदा करणाऱ्याचा यात फायदाच आहे. उत्पादन शुल्क विभागाला महसूल मिळतो, तर मापाची जबाबदारीही सरकारने घ्यावी. तपासणी मुंबईच्या बंदरात व्हावी, तशीच महागाव-उमरखेड रस्त्यावरच्या परमिट रूममध्येही व्हावी.

तुम्ही काय करू शकता?

• ऑर्डर देण्याआधी विचारा: ‘हा किती मिलीचा?’
• दराला मिलीने भागा, मगच तुलना करा.
• क्रूझचे पॅकेज घेण्याआधी टीप, कर आणि पेयांची मर्यादा लेखी मागा.
• बिल जपून ठेवा. माप कमी वाटले तर वैधमापन कार्यालयाकडे तक्रार करा किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

दारू पिणाऱ्याने कसली तक्रार करायची, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. ‘पितो तो लुटला गेला तर बरेच झाले’ हा युक्तिवाद गावात ऐकू येतो. पण मापाचा कायदा दूध घेणाऱ्याला वेगळा आणि दारू घेणाऱ्याला वेगळा नाही. शिवाय दारूत गेलेला जास्तीचा पैसा घरातूनच जातो. घरातल्या बाईला किराण्याचा हिशेब तेवढ्याने कमी पडतो.