गरुडाचं घराबाहेरचं नाव

दिवाळी अंकाची मुद्रितं तपासताना ऱ्हस्व-दीर्घावरून वाद ठरलेलेच. यंदा तो ‘गरुड’वर अडला. शब्द तत्सम, म्हणून ‘रु’ ऱ्हस्व. पण निम्मे लेखक तो दीर्घ लिहितात. विनतेच्या या मुलाला मात्र असल्या वादांची सवय असावी. त्याचं नाव अर्धा आशिया फिरलं आणि जाईल तिथे नव्या उच्चाराचं झालं.

थायलंडमध्ये त्याचं नाव लिहितात ते ‘ग’ आणि ‘ड’ यांच्याच जागी येणाऱ्या अक्षरांनी, वाचतात मात्र ‘ख्रुत’. लेखणी संस्कृतची, जीभ घरची! हा ख्रुत तिथल्या सरकारी कागदांच्या माथ्यावर असतो. चिनी अक्षरांतून जपानला पोचेपर्यंत त्याचा ‘कारुरा’ झाला. नारा इथल्या कोफुकुजी मंदिरात 734 सालचा कारुरा आहे : धड माणसाचं, अंगात चिलखत, डोकं पक्ष्याचं. पालीत तर तो ‘गरुळ’ आहे, आणि ‘ळ’ सांभाळणाऱ्या मराठीला त्यात परकं वाटायचं कारण नाही.

ब्रह्मदेशातला ‘गलोन’ आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो. 1930 साली साया सानच्या बंडात करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी हेच नाव घेतलं. त्यांच्या लेखी इंग्रज म्हणजे नाग. नागांची आई कद्रू आणि विनता यांचं वैर इरावतीकाठी असं कामाला आलं. अशा नावाला अपभ्रंश म्हणून नाक मुरडणं आम्हाला जमत नाही.

इंडोनेशियात नाव शाबूत राहिलं, पिसं मात्र मोजून बसवली. राष्ट्रचिन्हावरच्या गरुडाला दर पंखाला 17, शेपटीला 8 आणि मानेवर 45. म्हणजे 17 ऑगस्ट 1945, स्वातंत्र्याची घोषणा.

आणि आपल्याकडे? विदिशेजवळ वासुदेवाचा गरुडध्वज उभारला तो तक्षशिलेहून आलेल्या हेलिओदोरस या यवन दूताने, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात. त्यावरचा लेखही शुद्ध संस्कृतात नाही, प्राकृतात आहे. गावकऱ्यांनी त्या खांबाचा खामबाबा केला आणि त्याला शेंदूर फासत राहिले. 1877 मध्ये पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने खांब पाहिला, पण पुटाखालची अक्षरं त्याला दिसली नाहीत. तो लेख विद्वानांपुढे आला 1909 साली. मराठीतला पहिला दिवाळी अंक, ‘मनोरंजन’चा, निघाला तोही त्याच वर्षी.