भिंतीवरची गाय, बांधावरची गाय

देहात चौऱ्यांशी देवता सामावलेल्या गोमातेचे रंगीत चित्र जुन्या पिढीला आठवत असेल. रविवर्मा मुद्रणालयाने विसाव्या शतकाच्या आरंभी असे चित्र छापले आणि देव सामान्यांच्या भिंतीवर आला. छायाचित्रकाराला मात्र ही मुभा नाही. त्याच्या भिंगासमोर गाय आहे तशीच उभी राहते. अंगाला चिखल लागलेली, बरगड्या दिसणारी. तिचे पावित्र्य त्याला केवळ आपल्या दृष्टीतून प्रकट करावे लागते.

अमेरिकेतील इसा लेश्को यांनी म्हाताऱ्या झालेल्या पाळीव जनावरांची कृष्णधवल व्यक्तिचित्रे अनेक वर्षे टिपली. २०१९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्यात चित्रासोबत त्या जीवाचे नाव व वयही आहे. पाश्चात्त्यांना याचे नवल वाटले असेल. पण वसुबारसेला सवत्स धेनू पूजणाऱ्या समाजाला ही दृष्टी परकी नाही. त्याच तिथीला सह्याद्रीतील वनवासी बांधव वाघबारस पाळतात आणि गुरे सुखरूप राहावीत म्हणून वाघदेवाला साकडे घालतात.

मग आपला कॅमेरा कोठे वळतो? कसाऱ्याकडे जाणारी लोकल उंबरमाळीला पोहोचते, तेव्हा प्रवाशांचे मोबाइल डोंगरांवर आणि धबधब्यांवर रोखलेले असतात. नाशिक, अहिल्यानगर, ठाणे या पट्ट्यातील डांगी गोवंश मात्र कोणाच्या चौकटीत येत नाही. तेलकट कातडीमुळे मुसळधार पाऊस सोसणारे आणि भातखाचरात राबणारे हे जनावर. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील देशी गुरे २०१२ च्या तुलनेत सहा टक्क्यांनी घटली. २०२४ मध्ये राज्य शासनाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले. हा सन्मान उचितच. पण सन्मानाने गव्हाण भरत नाही.

कलेने चाऱ्याचा हिशेब का ठेवावा, असे कोणी विचारील. कारण आपल्या परंपरेत पूजा आणि पोषण ही दोन कर्तव्ये कधीच वेगळी नव्हती. नैवेद्याचा घास मूर्तीपुढे नव्हे, गाईच्या मुखात जातो. तेव्हा कल्याण-ठाण्याच्या छायाचित्रकारांनी येत्या वसुबारसेला शहापूर-मुरबाडच्या गोठ्यांत जावे. चित्राखाली गाईचे नाव, वंश व गाव लिहावे, एक प्रत तिच्या धन्याच्या घरी द्यावी आणि विक्रीतील वाटा वैरणीसाठी ठेवावा. भिंतीवरच्या गाईला हार घालताना बांधावरची गाय उपाशी राहिली, तर ती भक्ती नव्हे, निव्वळ सजावट होय.