सेन्सर घ्यावा, पण डबा पाहून नव्हे





आपल्या कार्यशाळेत लोखंडी स्टँडवर बसवलेले जुन्या मारुती ८०० चे कार्ब्युरेटरवाले इंजिन बहुतेकांनी पाहिले आहे. अकरावी-बारावीच्या छंदवर्गाने ते उघडले, साफ केले आणि सुरूही केले. आता मुलांना त्याचे ट्यूनिंग करायचे आहे, म्हणून त्यांनी विश्वस्त मंडळाकडे वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा मीटर मागितला आहे. मंडळात यावर दोन मते पडली. काहींचे म्हणणे, रंगीत दिव्यांचा साधा मीटर कितीतरी स्वस्त मिळतो, तो घ्या. काहींचे म्हणणे, काहीच घेऊ नका. उधन्यात गॅरेज चालवणारे आपले पालक प्लग काढून पाहतात आणि सांगतात.

प्लग पाहून सांगणाऱ्यांविषयी मला आदर आहे. प्लग काळा तर पेट्रोल जास्त, पांढरा तर कमी, विटकरी तर ठीक. हे ज्ञान हाताला काळे लावूनच मिळते. पण मागच्या महिन्यात याच इंजिनाचा प्लग पांढरा निघाला, तेव्हा एका मुलीने विचारले, "पेट्रोल कमी आहे, पण किती कमी?" आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही.

तिचा प्रश्न साधा नाही. या इंजिनाची जेट बसवली तेव्हा पेट्रोल निव्वळ पेट्रोल होते. त्याचा एक किलो पूर्ण जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला हवा कमी पुरते, एका किलोला सुमारे ९ किलो. मिश्रणाचा हिशेब मांडला तर १३.५ च्या आसपास येतो. म्हणजे जेट तेच ठेवले तर हे इंजिन गरजेपेक्षा सुमारे ९ टक्के जास्त हवा घेते. पिकअप जातो, इंजिन तापते, कार्ब्युरेटरमधून फट् असा आवाज येतो. ज्या पालकांकडे जुनी कार्ब्युरेटरची मोटारसायकल आहे, त्यांनाही ही लक्षणे ओळखीची वाटतील.

जेट किती मोठे करायचे हे ठरवायला आकडा लागतो. रंगीत दिव्यांच्या मीटरला जोडलेला सेन्सर नॅरोबँड असतो. तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान उडी मारतो आणि फक्त एवढेच सांगतो की मिश्रण समतोलाच्या या बाजूला आहे की त्या. ०.४५ व्होल्टच्या जवळ तो खरा बोलतो, पुढे-मागे त्याला फरक कळत नाही. कंपनीच्या गाडीला तेवढे पुरते, कारण तिचा संगणक सतत थोडे इकडे, थोडे तिकडे करत समतोल साधतो. बॉशने १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांसाठी आणला तो असाच सेन्सर. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. त्याआधीच्या पेट्रोलमधल्या शिशाने तो इथे निकामीच झाला असता.

वाइडबँडमध्ये याच झिर्कोनियाच्या जोडीला एक छोटा पंप असतो. तो ऑक्सिजनचे आयन आत किंवा बाहेर ढकलत राहतो आणि त्यासाठी किती विद्युतप्रवाह लागला, यावरून मिश्रण किती दूर आहे ते कळते. मी रसायनशास्त्र हिंदी माध्यमातून शिकले. आमच्या पुस्तकात 'दहन' हा एक धडा होता आणि त्यातले सगळे कागदावरच राहिले. ही मुले तेच दहन आकड्यात पाहणार आहेत, याचा मला थोडा हेवाही वाटतो.

फॉर्म्युला स्टुडंटच्या गाड्यांचे उदाहरण देते. चाकणला बनणारे केटीएमचे ३७३ सीसीचे इंजिन देशातल्या अनेक अभियांत्रिकी संघांनी वापरले आहे. स्पर्धेच्या नियमानुसार पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच अरुंद वाटेने जावी लागते. ही वाट बसली की कंपनीचे इंधनाचे गणित चुकते आणि नवे गणित मांडताना वाइडबँडचा आकडाच समोर ठेवावा लागतो. आपली मुलेही उद्या अशा संघांत जातील.

आता कोणता घ्यावा. मीटरची तबकडी, दिवे, डब्यावरची आगीची चित्रे यांकडे पाहू नये. सेन्सर ही झिजणारी वस्तू आहे. तो दोन-तीन वर्षांनी बदलावा लागेल असे धरूनच चालावे. म्हणून ज्याचा सेन्सर वेगळा आणि सहज मिळतो तोच संच. माझे मत बॉशच्या एलएसयू ४.९ ला आहे. जुना ४.२ तुलनेसाठी बाहेरच्या हवेवर अवलंबून असतो, ती हवा दूषित झाली की आकडा सरकतो, आणि त्याला मोकळ्या हवेत पुन्हा पुन्हा जुळवावे लागते. ४.९ आपला संदर्भ स्वतः तयार करतो. त्याच्या कनेक्टरमध्ये त्या-त्या सेन्सरसाठी जुळवलेला रोधक असतो, तेव्हा तार लांब करायची म्हणून कनेक्टर कापू नका. नकली माल बाजारात पुष्कळ आहे. पक्के बिल देणाऱ्याकडूनच घ्यावा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

दुसरे, मीटरवर आकडा लॅम्डात दिसला पाहिजे. लॅम्डा १ म्हणजे समतोल, मग इंधन कोणतेही असो. पेट्रोलला १४.७, सीएनजीला १७ च्या आसपास, इथेनॉल मिसळले की आणखी वेगळे, असे आकडे पाठ करत बसलो तर रिक्षावाल्या पालकांशी बोलताना एक भाषा आणि कार्यशाळेत दुसरी होईल. पीयूसी केंद्रातही बीएस-४ व नंतरच्या पेट्रोल आणि सीएनजी चारचाकींचा लॅम्डाच पाहतात. सुमारे २५०० फेऱ्यांना तो १ च्या ०.०३ इकडे-तिकडे असावा लागतो.

बसवण्यातही चुका होतात. सेन्सर नळीच्या वरच्या बाजूला, थोडा कलता हवा, म्हणजे पाणी साचून तापलेले सिरॅमिक तडकणार नाही. इंजिन चालू आणि सेन्सरचा हीटर बंद असे कधी करू नये, काजळीने तो बुजतो. सिलिकॉनचा लेप जवळ वापरू नये. आणि एक गोष्ट मुलांनी वहीत लिहून ठेवावी: हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. सायलेन्सरच्या सांध्यातून हवा शिरली किंवा प्लग चुकला, तर पेट्रोल भरपूर असूनही तो कमी असल्याचे सांगेल. तिथे आपले गॅरेजवाले पालकच कामी येतील.

विश्वस्तांना एक शब्द देते. हे इंजिन रस्त्यावर जाणार नाही आणि हा सेन्सर कोणाच्या गाडीला लागणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. सायलेन्सर बदलून फटाके वाजवत शाळेच्या फाटकाशी येणाऱ्या मोठ्या मुलांशी मी स्वतंत्रपणे बोलणार आहेच. कार्यशाळेतला धूर नळीने बाहेर सोडल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि हा सेन्सर तो ओळखत नाही.

नव्या जेटच्या भोकाचे क्षेत्रफळ ९ टक्के वाढवायचे तर व्यास किती वाढवावा, हे गणित मी बारावीला दिले होते. उत्तर साडेचार टक्क्यांच्या आत आले. ते बरोबर आहे की नाही, हे सेन्सर आल्यावर कळेल. नळीवर १८ मिलिमीटर, दीड पिचची चूडी असलेला नट वेल्ड करावा लागणार आहे. वेल्डिंगचे काम करणाऱ्या पालकांपैकी कोणाला एक दुपार देता आली तर कृपया कार्यालयात नाव नोंदवावे.