जाऊबाईंच्या बांगड्या आणि डॉक्टर हेंच

मैत्रिणींनो, लग्नघरात कासार आला की काय गडबड उडते ते तुम्हाला सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी आमच्या पुतणीच्या लग्नात अशीच सगळ्याजणींची बांगड्या भरायची घाई चालली होती. थोरल्या जाऊबाईंचा हात कासाराने हातात घेतला, नेहमीच्या मापाची बांगडी चढवायला गेला, आणि ती बोटांच्या मुळाशी, मुठीच्या उंचवट्यावर अडली. जाऊबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आम्ही हसलो. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, लग्नाचं अंग धरलंत हो!" म्हातारा कासार मात्र हसला नाही. तो म्हणाला, "अंग धरलं तर मनगट भरतं. ही सूज आहे. दोन्ही हातांना सारखीच आहे."

चाळीस वर्षं बायकांचे हात हातात घेणाऱ्या त्या माणसाला जे दिसलं, ते एका छताखाली राहून मला दिसलं नव्हतं. नंतर आठवू लागले तेव्हा एकेक गोष्ट सापडली. सकाळचा चहा हल्ली जाऊबाई मलाच टाकायला लावीत, कारण शेगडीचं बटण त्यांना फिरवता येत नसे. डब्याचं झाकण, मंगळसूत्राचा फासा, ओल्या चादरीचा पीळ, सगळं दुसऱ्याच्या हातून. दहा वाजले की हात बरे चालत, म्हणून घरात सगळ्यांचं मत एकच: सकाळी उठायचा कंटाळा. मीही मनात तेच म्हणत होते, आता लपवून काय उपयोग?

पुढची हकिगत थोडक्यात सांगते. लग्नात उभं राहता यावं म्हणून त्यांनी कुणाकडून तरी पुड्या आणल्या. दोन दिवसांत जादू झाली! जाऊबाईंनी लग्न अक्षरशः गाजवलं. मग पुड्या चालूच राहिल्या, सहा-सात महिने. चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला, रक्तदाब वाढला. शेजारणीने सांगितलं, "अहो, त्यात स्टेरॉइड असतं, आजच्या आज बंद करा." त्यांनी खरंच त्याच दिवशी बंद केल्या. पाचव्या दिवशी उलट्या, घेरी आणि स्नानघरात पडणं, रात्री रुग्णालय. तिथल्या संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला विचारलं, "पुडी कुणी दिली ते नंतर बघू. एकदम बंद करायला कुणी सांगितलं?"

जाऊबाईंना आमवात होता. वयाने सांधे झिजतात तो नव्हे. शरीराची रोगाशी लढणारी फौज आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, तो. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, तसं. हा पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने होतो आणि ऐन संसाराच्या वयातही गाठतो. डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या, "ज्या औषधाला तुम्ही शिव्या देताय ना, त्याला नोबेल पारितोषिक मिळालंय. नीट दिलं तर अजूनही कामाचं आहे."

मी बी.ए., तेही इतिहास घेऊन. शास्त्रातलं मला कळतं कमीच, पण "हे कुणी शोधलं, कधी शोधलं" ही खोड जात नाही. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून पुस्तकं आणली आणि दुपारच्या निवांत वेळात वाचू लागले. त्यातून मला डॉक्टर फिलिप हेंच भेटले.

हेंच अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे, जन्म १८९६ चा. जन्मतः टाळू दुभंगलेला, त्यामुळे बोलणं पुरतं स्पष्ट कधी झालं नाही. डॉक्टर होऊन ते मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिकमध्ये आले आणि १९२६ साली तिथल्या संधिवात विभागाचे प्रमुख झाले. प्रमुख म्हटलं तरी मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. आमवात बरा होत नाही, रोगी मरतही नाही, नुसता वर्षानुवर्षं आखडत जातो. ॲस्पिरिन द्यायची, शेक द्यायचा, आणि धीर द्यायचा. अशा विभागात हौसेने कोण जाणार?

१९२९ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याकडे पासष्ट वर्षांचा एक रोगी आला. तो स्वतःही डॉक्टरच होता. त्याला कावीळ झाली होती, आणि तो म्हणाला, कावीळ झाल्यापासून माझे सांधे दुखायचे थांबले! आता सांगा, असं आपण दवाखान्यात सांगितलं तर काय होईल? "बरं बरं" म्हणून डॉक्टर पुढचा केसपेपर ओढतील. हेंचनी ते लिहून घेतलं. मग असे आणखी रोगी शोधू लागले, आणि ते सापडतही गेले. कावीळ उतरल्यावरही काही जणांना कित्येक आठवडे, कित्येक महिने आराम राही.

त्यानंतर बायका सांगू लागल्या की, डॉक्टर, मला दिवस गेले तेव्हा माझे हात चांगले होते, बाळंतपणानंतर पुन्हा आखडले. मी इथे वाचता वाचता थांबले. ही गोष्ट बायका आपापसात केव्हापासून बोलत असतील! माझ्या सासूबाईंनाही त्यांच्या मावशीबद्दल ती माहीत होती. हेंचनी ती मनावर घेतली, टिपणं ठेवली आणि १९३८ साली छापून जाहीर केली. आज असं दिसतं की गरोदरपणात निम्म्याच्या आसपास बायकांना आराम पडतो. पोटातल्या जीवाला परकं मानू नये म्हणून शरीर आपली फौज थोडी आवरून धरतं, हे त्याचं एक कारण सांगतात. ही सगळी उकल त्या काळी झालेली नव्हती. पण हेंचचा तर्क मला स्वयंपाकघरातल्या तर्कासारखा वाटला. कावीळ पुरुषांनाही गुण देते, म्हणजे हा केवळ बाईच्या शरीरातला रस नव्हे. गरोदर बाईला कावीळ नसते, म्हणजे हे नुसतं पित्तही नव्हे. तेव्हा दोघांच्याही शरीरात असलेला, एरवी कमी पडणारा आणि या अवस्थांत वाढणारा तिसराच काही पदार्थ असला पाहिजे. त्याला त्यांनी नाव दिलं 'पदार्थ एक्स'.

आणि मग सुरू झाली फसलेल्या प्रयत्नांची रांग. पित्तातले क्षार देऊन पाहिले, काविळीच्या रोग्याचं रक्त देऊन पाहिलं, काही केल्या जमेना. शस्त्रक्रियेनंतर, उपासमारीतही कधी कधी आराम पडतो हे लक्षात आलं, तेव्हा त्यांची नजर ॲड्रिनल ग्रंथींकडे वळली. या आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या असतात, आणि शरीरावर ताण आला की कामाला लागतात.

योग असा की त्याच मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. थायरॉइडचा रस शुद्ध स्वरूपात त्यांनीच १९१४ च्या नाताळात वेगळा केला होता. आता ते जनावरांच्या ॲड्रिनल ग्रंथींचे ढीग आटवून त्यातले पदार्थ वेगळे करीत होते आणि त्यांना ए, बी, ई, एफ अशी अक्षरं देत होते. १९४१ च्या जानेवारीत दोघांचं ठरलं: 'संयुग ई' आमवाताच्या रोग्याला देऊन पाहायचं.

ठरलं खरं, पण द्यायला संयुग होतं कुठे? ढीगभर ग्रंथींतून चिमूटभरही हाती लागेना. मध्ये महायुद्ध. १९४४ साली मर्क कंपनीतल्या लुई सॅरेट या तरुण रसायनशास्त्रज्ञाने बैलाच्या पित्तापासून सुरुवात करून, तीसहून अधिक पायऱ्या चढून, हे संयुग बनवलं. (बघा, पित्त शेवटी कुठून तरी आलंच!) तरीही रोग्याला देण्याइतकं व्हायला १९४८ उजाडलं. म्हणजे काविळीच्या त्या रोग्याला भेटून एकोणीस वर्षं झाली होती. आपण एवढ्या वर्षांत एक लोणचं बिघडलं तर कृती बदलतो.

२१ सप्टेंबर १९४८. रुग्णालयात एकोणतीस वर्षांची एक विवाहित बाई होती. चार वर्षांहून जास्त काळ आमवात, चाकांच्या खुर्चीवर आलेली. जुलैपासून तिच्यावर उपचार चालले होते आणि एकही लागू पडला नव्हता. पण गुण आल्याशिवाय मी घरी जायची नाही, असं तिने डॉक्टरांना बजावलं होतं. मला ही बाई फार आवडली. तिचा हट्ट नसता तर त्या दिवशी ती तिथे नसतीच. तिला संयुग ई चं शंभर मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं. पहिल्या दिवशी विशेष काही नाही. तिसऱ्या दिवशी अंथरुणात कूस बदलणं सोपं झालं. चौथ्या दिवशी ती किंचित लंगडत, पण आपल्या पायांनी चालली. आणि आठवडा झाला तेव्हा गावात बाजार करायला गेली, तीन तास! मैत्रिणींनो, बरं वाटल्यावर पहिल्यांदा काय केलं, तर बाजार. जगाच्या पाठीवर कुठेही जा, बाईमाणूस ते बाईमाणूस.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जाहीर केलं, रोग्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या हालचालींचा चित्रपटच दाखवला. 'ई' म्हटलं की लोक जीवनसत्त्व ई समजतील म्हणून नवं नाव ठेवलं, कॉर्टिसोन. १९५० साली हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे रायकश्टाइन यांना मिळून नोबेल दिलं गेलं. हेंचनी आपल्या वाट्याच्या रकमेतला काही भाग रोग्यांची देखभाल करणाऱ्या मुख्य परिचारिकेला, सिस्टर पँटालिऑन यांना दिला. ही एक ओळ वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले.

पण गोष्ट इथे संपवली तर ती पुडीवाल्याची गोष्ट होईल. कॉर्टिसोन जगभर मागितलं जाऊ लागलं आणि लवकरच दिसलं की औषध थांबवलं की दुखणं परत येतं, आणि चालू ठेवलं तर चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, काहींची मनःस्थितीही बिघडते. शंभर मिलिग्रॅम कॉर्टिसोन म्हणजे आजच्या प्रेडनिसोलोनच्या गोळीचे वीस मिलिग्रॅम, आणि ते रोज. हेंच स्वतः सांगत होते की याने रोग मुळापासून जात नाही. पण पाय चालू लागल्यावर कोण ऐकतं? आमच्या जाऊबाईंनी तरी ऐकलं असतं का?

आणि ती स्नानघरातली घेरी? त्याचं कारणही या गोष्टीतच आहे. तो पदार्थ आपल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज घरच्या घरी बनवीत असतात. बाहेरून महिनोन्‌महिने आयता मिळाला की त्या काम सोडून झोपी जातात. मग गोळी एकदम बंद झाली की शरीरात तो बाहेरूनही येत नाही आणि आतूनही नाही. प्राणावर बेतू शकतं. म्हणून ज्यांच्या घरी अशी गोळी चालू असेल त्यांनी ती शेजारणीच्या सांगण्यावरून सुरूही करू नये आणि बंदही करू नये. डॉक्टर ती पायरी-पायरीने उतरवतात.

हल्ली स्टेरॉइड थोड्या मात्रेत, थोडे महिने देतात. खरा भार दुसऱ्या औषधांवर असतो. जाऊबाईंना मेथोट्रेक्सेट आहे. ही गोळी या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर विष. आमच्या दिनदर्शिकेवर सगळ्या रविवारांना मी लाल गोल केले आहेत आणि गोळ्यांचं पाकीट माझ्या कपाटात असतं. मूल हवं असणाऱ्या मुलींना ही गोळी चालत नाही, त्यांनी आधीच डॉक्टरांना सांगायला हवं. तिथे लाज नको. ज्यांना एवढ्याने भागत नाही त्यांच्यासाठी आणखी पुढची इंजेक्शनं आहेत. त्यांची वाट आपल्या लुधियानात जन्मलेल्या डॉक्टर रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी लंडनला घालून दिली, १९९२ साली. ती महाग आहेत, आणि ती देण्याआधी क्षयाची तपासणी करावी लागते. ती हकिगत पुन्हा केव्हातरी.

पहिल्या तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी जाऊबाईंना एक प्रश्न विचारला होता: "सकाळी तुमचे हात किती वाजता उघडतात?" असा प्रश्न त्यांना आजवर कुणीच विचारला नव्हता. सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकतो का, दोन्ही हातांचे तेच तेच सांधे सुजतात का, हे कळलं की पुष्कळ उलगडतं, असं त्या म्हणाल्या. कासाराने नेमकं हेच तर सांगितलं होतं! तेव्हापासून जाऊबाई दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर, रोजची वेळ लिहून ठेवतात.

उजव्या हाताचं एक बोट वाकलं ते वाकलंच, उशिरा गेलो. बांगडी आता एक माप मोठी लागते. काल दूधवाल्याचे पैसे द्यायला वही उघडली तर मागचं पान दिसलं. पहिल्या ओळीत होतं, 'साडेदहा'. त्याखाली बऱ्याच ओळी, 'दहा', 'पावणेदहा', मध्ये पावसाळ्यात पुन्हा 'साडेदहा'. सगळ्यात खाली कालची नोंद होती, 'सात-वीस. कणीक मळली.'